नर्सने लिहिलेल्या नोंदी 'डेटा' कशा झाल्या, त्यामागची गोष्ट

हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे पेशंटची माहिती नीट नोंदवून कॉम्प्युटरच्या मदतीने वापरायचं क्षेत्र, म्हटलं की लोकांना आयटीवाले आठवतात, फार तर डॉक्टर, आणि नर्सेसना नंतर कधीतरी ट्रेनिंग देऊन स्क्रीनसमोर बसवलं असं बऱ्याच जणांना वाटतं. इतिहास बघितला तर उलटं आहे. वॉर्डमधल्या रोजच्या नोंदींचा मोठा भाग नर्सच्या हातून येतो, बीपी, पल्स, टेंपरेचर, पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली, औषध किती वाजता दिलं, रात्रभर झोपला की तळमळत होता, हे सगळं २४ तास पेशंटजवळ असणारी नर्सच लिहिते. फक्त हे लिहिलेलं जपून ठेवण्यासारखं आहे, मोजण्यासारखं आहे, हे मान्य व्हायला फार वेळ गेला.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासूनच करावी लागते, पण दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच तिची ओळख करून दिली जाते त्याचा मला खरंच राग येतो. क्रिमियन युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ती ३८ बायकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलात पोचली, तेव्हा घाण आणि गर्दी तर होतीच पण रेकॉर्डचाही पार गोंधळ होता. मृत्यूच्या नोंदी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जायच्या आणि तिन्ही आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, म्हणजे किती सैनिक मेले हेच धड कुणाला सांगता यायचं नाही, कशाने मेले ते तर लांबच. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर ४२ टक्क्यांवर गेला होता. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, पाणी सुधारलं, हवा खेळती झाली आणि पुढच्या काही महिन्यांत तो आकडा झपाट्याने खाली आला.

युद्ध संपल्यावर विल्यम फार या स्टॅटिस्टिशियनबरोबर बसून तिने हे सगळे आकडे तपासले आणि त्यातून दिसलं की बहुसंख्य सैनिक जखमांनी मेलेच नव्हते, ते मेले टाळता येण्यासारख्या आजारांनी. १८५८ मध्ये तिने ते गोल पाकळ्यांसारखे डायग्राम छापले, एकेका महिन्याची एकेक पाकळी, आजाराच्या मृत्यूंचा भाग एवढा मोठा की आकड्यांचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही एका नजरेत कळावं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला मेंबर करून घेतलं, पहिली बाई. पण मला त्याहून मोठं काम वाटतं ते तिच्या फॉर्मचं. सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात, आजारांची नावं सारखी असावीत, किती आले किती बरे झाले किती गेले हे एकाच तक्त्यात भरावं, असा आराखडा तिने बनवला आणि १८६० च्या आंतरराष्ट्रीय स्टॅटिस्टिकल काँग्रेससमोर तो मांडला गेला. आज ज्याला आपण डेटा स्टँडर्ड म्हणतो ते हेच की.

मग पुढे बराच काळ हा धागा तुटल्यासारखाच झाला. नर्सिंग म्हणजे सेवा, हातांचं काम, असं ठरून गेलं. बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंट घरी गेला की डॉक्टरांच्या नोंदी फाइलमध्ये राहायच्या आणि नर्सेस नोट्स काढून टाकल्या जायच्या. अमेरिकेत तर हॉस्पिटलच्या बिलातही नर्सिंगचा खर्च वेगळा दिसत नाही, तो खोलीच्या भाड्यातच धरलेला असतो. जे नोंदीत नाही आणि बिलातही नाही ते वरच्या माणसांना दिसणार तरी कसं?

ही गोष्ट ज्यांनी फार लवकर ओळखली त्यांच्यात हॅरिएट वर्ली यांचं नाव आधी घ्यायला हवं. लष्करात नर्स असलेल्या या बाईंनी १९५० च्या दशकातच कॉम्प्युटर नर्सिंगच्या कामी कसा येईल यावर विचार सुरू केला होता, जेव्हा कॉम्प्युटर खोलीभर पसरलेले असायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो हॉस्पिटलात टेक्निकॉन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली, तिच्यात स्क्रीनवर लाइट पेन टेकवून औषध-तपासण्यांच्या ऑर्डर निवडता यायच्या आणि नर्सिंगचे केअर प्लॅनही त्यातच असायचे. १९८५ मध्ये वर्ली आणि नॉर्मा लँग यांनी मिल्वॉकीत कॉन्फरन्स घेतली आणि त्यातून १६ गोष्टींचा नर्सिंग मिनिमम डेटा सेट, म्हणजे प्रत्येक पेशंटबद्दल निदान एवढं तरी नोंदवावं अशी यादी, तयार झाला. पेशंटची नर्सिंगच्या नजरेतून अडचण काय, नर्सने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला आणि किती नर्सिंग लागलं, या चार गोष्टी त्याचा गाभा. ऐकायला किती साधं वाटतं, पण तोपर्यंत डिस्चार्जच्या वेळी जो ठराविक डेटा गोळा व्हायचा त्यात यातलं एकही नव्हतं. पुढे १९९२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सला वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली.

याच काळात दुसरीकडे नर्सची नजर आकड्यात उतरवायचं काम चालू होतं. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन नर्सेसनी १९८७ मध्ये मांडलेली ब्रेडन स्केल घ्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होणार की नाही हे अनुभवी सिस्टर बघून सांगायची, पण नवीन मुलीला ते कसं कळणार? म्हणून सहा गोष्टी: दुखलं-टोचलं तर जाणवतं का, अंग ओलं राहतं का, चालतो-फिरतो का, कूस स्वतः बदलतो का, खातो किती, आणि ओढताना कातडी घासली जाते का. बेरीज ६ ते २३ च्या मध्ये येते, आकडा जेवढा कमी तेवढा धोका जास्त, साधारण १८ किंवा खाली आला की सावध व्हायचं. कॉम्प्युटर नसतानाही कागदावर चालायची आणि कॉम्प्युटर आल्यावर तशीच्या तशी आत गेली.

बारकोडची गोष्ट तर मला फारच आवडते. १९९२ मध्ये कॅन्ससमधल्या टोपीका इथल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातल्या स्यू किनिक या नर्स भाड्याची गाडी परत करत होत्या, तिथल्या माणसाने हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड स्कॅन केला आणि काम झालं. गाडीसाठी हे होतं तर पेशंटला औषध देताना का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. तिथेच ते करून बघितलं गेलं आणि दशक संपता संपता माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत देशभर पसरलं. पेशंटच्या हातातली पट्टी स्कॅन, औषध स्कॅन, जुळलं तरच द्यायचं. बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या २०१० च्या अभ्यासात औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका सोडून, ४१ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. २००८ च्या एका अभ्यासात नर्सेस बारकोडला वळसा घालतात त्याचे १५ प्रकार आणि ३१ कारणं नोंदवली गेली. बॅटरी उतरलेली, वायफाय जात-येत असणारं, पट्टी भिजलेली किंवा पेशंटने चावलेली, गोळीवरचा कोड वाचलाच न जाणारा, मग कुणी पट्टीची जादा कॉपी छापून भलतीकडेच चिकटवून ठेवते. बाहेरून बघणारा म्हणेल नर्स नियम मोडते. वॉर्डमध्ये काम केलेली इन्फॉर्मॅटिक्स नर्स म्हणेल, सिस्टीम कामाला जुळत नाहीये, आधी बॅटरी बघा. या फील्डमध्ये नर्स लागते ती याचसाठी.

मोठ्या डेटाचा सगळ्यात जोरदार पुरावा २००२ मध्ये आला. लिंडा एकन आणि त्यांच्या टीमने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा डेटा तपासला आणि दिसलं की एका नर्सकडे एक पेशंट वाढला की सर्जरीच्या पेशंटची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. नर्सेस वर्षानुवर्षं जे ड्युटी संपताना सांगत होत्या तेच, पण आता आकड्यात.

२००९ नंतर अमेरिकेत सरकारी पैशामुळे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वेगाने आले आणि त्याबरोबर टिकमार्कांचा डोंगरही, नर्सचा कितीतरी वेळ पेशंटऐवजी स्क्रीनकडे बघण्यात जायला लागला. त्याच ढिगात कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या सारा रोसेटी, या स्वतः नर्स, यांना वेगळंच दिसलं. नर्सला पेशंटची काळजी वाटायला लागली की ती ठरलेल्या वेळेआधीच व्हायटल्स (बीपी, पल्स, टेंपरेचर) घेते, रात्री दोनला पुन्हा बघते, बंधन नसताना दोन ओळी कमेंट लिहिते. बीपी किती यापेक्षा ते इतक्या वेळा का घेतलं, यातच सूचना आहे. यावरून कन्सर्न नावाची सिस्टीम बनली, ती पेशंट बिघडण्याचा धोका दर तासाला हिरवा, पिवळा, लाल असा दाखवते. २०२५ मध्ये तिच्या ट्रायलचे निकाल आले, हॉस्पिटलात भरती झाल्याच्या ६० हजारांवर केसेस होत्या आणि मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांच्या आसपास कमी झालेला.

आणि नोंदींचं ओझं कमी करायच्या मोहिमेतही रोसेटीच पुढे आहेत, यात मला काही विसंगत वाटत नाही. सक्तीचे टिक सगळ्यांच्या चार्टवर सारखेच पडतात, त्यातून कुणाची काळजी वाटतेय ते कळत नाही, नर्सने आपणहून लिहिलेल्या दोन ओळींतून कळतं. त्यामुळे ओझं उतरवताना कोणते रकाने काढायचे हे वॉर्डमधल्या नर्सला विचारूनच ठरवावं लागेल, नाहीतर नेमक्या त्या कमेंटच्या जागेवरच कात्री चालायची.