नोहाला दिलेलं वचन

२५ मार्च २००९. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा आणि पर्यावरण उपसमितीची बैठक चालू होती. बदलत्या हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं, हा विषय. इलिनॉयचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन शिमकस यांची बोलायची पाळी आली, तेव्हा त्यांनी बायबल उघडलं आणि 'उत्पत्ती'च्या आठव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळी वाचल्या. जलप्रलय ओसरलाय, नोहा तारवातून उतरून होमार्पण करतोय आणि देव मनाशी म्हणतोय, असा संहार पुन्हा करणार नाही. पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, उन्हाळा आणि हिवाळा, दिवस आणि रात्र चालूच राहतील. शिमकस यांचं म्हणणं असं की हा देवाचा शब्द आहे, तो चुकत नाही. पृथ्वीचा शेवट देव ठरवेल तेव्हा होईल, माणसाच्या करणीनं होणार नाही. कार्बन डायॉक्साइड हे झाडांचं खाद्य, ते कमी करून झाडांच्या तोंडचा घास काढायचा का, असंही त्यांनी त्याच बैठकीत विचारलं.

त्यांच्या मतदारसंघात, दक्षिण इलिनॉयमध्ये, कोळशाच्या खाणी होत्या. हे जरा ध्यानात ठेवू.

कारण नोहाला दिलेलं हेच वचन पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पॅसिफिकमधल्या किरिबाती आणि तुवालू या चिमुकल्या देशांतही लोकांच्या तोंडी आहे. तिथं कोळसा नाही, कारखाने नाहीत, आणि समुद्र दाराशी नव्हे, घरात येतोय. तिथली म्हातारी माणसं भरतीचं पाणी अंगणात शिरलं तरी सांगतात की देवानं वचनाची खूण म्हणून ढगात इंद्रधनुष्य ठेवलंय, तो आपल्याला बुडवणार नाही. देव मानणारे लोक हवामानबदल मानत नाहीत, असं सरसकट बोललं जातं. या एका वचनाचा माग काढला तर मामला बराच गुंतागुंतीचा निघतो.

आपल्याकडच्या पुराच्या कथेत असं वचन नाही, हे आधी सांगायला हवं. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला मासा त्याला पुराची आगाऊ खबर देतो, नाव बांधायला सांगतो, मग ती शिंगाला अडकवून उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढत नेतो. पण पाणी ओसरल्यावर 'आता पुन्हा नाही' असं मनूला कुणी सांगत नाही. पुढच्या पुराणांत तर कल्पाच्या शेवटी प्रलय ठरलेलाच. त्यामुळं देवाला त्याच्या शब्दाची आठवण करून द्यायची सोय आपल्याला नाही; आपण साकडं घालतो. आषाढीला पंढरपुरात महापूजा आटोपून बाहेर आलेला मुख्यमंत्री, पक्ष कुठलाही असो, पांडुरंगाकडे चांगल्या पावसाचं मागणं मागितलं म्हणून सांगतो. 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत गावात फिरणारी पोरं तेच करत असतात. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत मात्र देव करार करतो, आणि कराराच्या कलमावर बोट ठेवता येतं. कलमही कसं, तर शेतकऱ्याला उमजेल असं: पेरणी चुकणार नाही, कापणी चुकणार नाही.

हे कलम पॅसिफिकमध्ये नेलं कुणी, याचं उत्तर आपल्या फार जवळचं आहे. बोस्टनच्या एका मिशनरी मंडळाची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली. अमेरिकेनं परदेशी पाठवलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी ती. त्यांनी मुंबईत छापखाना घातला, पुढं नगरला बस्तान बसवलं, १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक नंतर ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, ते हेच. याच मंडळानं १८५७ साली हायरम बिंगहॅम या तरुणाला 'मॉर्निंग स्टार' नावाच्या जहाजातून गिल्बर्ट बेटांवर, म्हणजे आजच्या किरिबातीत, पाठवलं. त्या जहाजासाठी अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांमधल्या पोरांनी दहा-दहा सेंट जमवले होते. बिंगहॅमनं आयुष्य घालवून १८९० साली गिल्बर्टी भाषेत पुरं बायबल उतरवलं. तुवालूची गोष्ट आणखी वेगळी. तिथं १८६१ साली एलेकाना नावाचा चर्चचा सेवक पोचला. तो कुक बेटांवरचा. त्याची होडी वादळानं भरकटली आणि आठेक आठवड्यांनी नुकुलायलाय बेटाला लागली. समुद्रानं तारलेल्या माणसाकडून ज्यांनी देव घेतला, त्यांना नोहा परका वाटला नसणार.

इकडं पाश्चात्त्य जगात धर्म आणि निसर्ग यांचा वाद पेटला तो १९६७ साली, एका इतिहासकारामुळं. लिन व्हाइट हे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अभ्यासक. आदल्या डिसेंबरमध्ये त्यांनी वैज्ञानिकांच्या संमेलनात दिलेलं भाषण मार्चमध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं. त्यांनी सुरुवात केली नांगरापासून. उत्तर युरोपातल्या जड जमिनीसाठी सातव्या शतकाच्या सुमाराला नवा नांगर आला. त्याला आठ बैल लागत. एका घरी आठ बैल कुठून असणार? मग आपल्याकडच्या इर्जिकीसारखे लोक बैल एकत्र आणू लागले, आणि जमिनीची वाटणी घरात खाणारी तोंडं किती यावर न होता कुणाचे बैल किती यावर होऊ लागली. माणूस निसर्गाचा भाग होता, तो निसर्गाला राबवणारा झाला. आणि या वृत्तीला बळ दिलं ते 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायानं, जिथं देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो. व्हाइट यांचा ठपका हा होता.

गंमत अशी की व्हाइट स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. धर्मातून आलेला रोग धर्मानंच बरा करावा लागेल, असं त्यांचं मत. पर्यावरणवाद्यांचे संत म्हणून त्यांनी असीसीच्या फ्रान्सिसचं नाव सुचवलं होतं आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या संताला तसा मान दिलाही. मात्र लेखाचा हा शेवट फार थोड्यांच्या लक्षात राहिला. लक्षात राहिला तो ठपका. अमेरिकेतल्या अनेक सनातनी ख्रिस्तींच्या मनात पर्यावरणवाद म्हणजे आपल्या धर्मावर उठलेली मंडळी, ही गाठ तेव्हापासून बसली आणि पुढं ती घट्ट होत गेली.

तरी गाठ सुटण्याचा एक क्षण आला होता. जॉन हॉटन हे वेल्समध्ये जन्मलेले हवामानशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचे पहिले तीन अहवाल तयार झाले, तेव्हा विज्ञानाची बाजू पाहणाऱ्या गटाची धुरा त्यांच्याकडे होती. आणि ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती होते, म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या पंथातले. २००२ साली ऑक्सफर्डला त्यांनी अमेरिकी इव्हँजेलिकल नेत्यांना बोलावून आकडे आणि आलेख समोर ठेवले. त्यात रिचर्ड सायझिक होते, इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय संघटनेचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी. आपल्याला तिथं काय झालं हे सांगताना सायझिक यांनी धर्मांतराचाच शब्द वापरला. फेब्रुवारी २००६ मध्ये ८६ इव्हँजेलिकल नेत्यांनी सह्या करून जाहीर केलं की हवामानबदल खरा आहे, माणसानं केलेला आहे आणि त्याचा मार गरिबांना बसणार आहे.

पुढच्याच वर्षी त्या पंथातल्या वजनदार मंडळींनी सायझिक यांना आवरा, असं पत्र संघटनेला लिहिलं. गर्भपात आणि विवाहसंस्था हे खरे प्रश्न, त्यांवरून लक्ष उडतंय, ही तक्रार. २००८ च्या डिसेंबरात सायझिक यांना पद सोडावं लागलं; निमित्त झालं समलिंगी जोडप्यांबद्दलच्या एका रेडिओ मुलाखतीचं. कॅल्व्हिन बाइस्नर यांच्या 'कॉर्नवॉल अलायन्स' या इव्हँजेलिकल संघटनेनं २००९ साली उलटा जाहीरनामा काढला: देवानं घडवलेली पृथ्वी दणकट आहे, तोल गेला तरी स्वतःच सावरते. शिमकस यांचं वाचन त्याच वर्षातलं. ओक्लाहोमा या तेलाच्या राज्यातले सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी २०१२ साली एका ख्रिस्ती रेडिओवर हेच वचन सांगितलं आणि २०१५ च्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये बर्फाचा गोळा आणून फेकला. बाहेर एवढी थंडी आहे, मग कसली तापमानवाढ!

प्यू या संशोधन संस्थेनं २०२२ साली अमेरिकनांना विचारलं, तेव्हा पृथ्वी मुख्यतः माणसामुळं तापतेय असं ५३ टक्क्यांनी सांगितलं. इव्हँजेलिकलांमध्ये हे प्रमाण ३२ टक्के, कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांत ७० टक्के. एवढे आकडे पाहून हात झटकता येतात. पण त्याच अहवालाचं म्हणणं होतं की या फरकामागं सगळ्यात मोठं कारण धर्म नाही, राजकीय पक्ष आहे. टेक्सासमध्ये शिकवणाऱ्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरिन हेहो, मिशनऱ्याची मुलगी आणि पाद्र्याची बायको, हेच वर्षानुवर्षं सांगत आल्यात. माझंही मत त्यांच्या बाजूनं झुकतं: शिमकस यांच्या हातात बायबल होतं, पण पायाखाली खाण होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या जूनमध्ये 'लाउदातो सी' हे पृथ्वीच्या जपणुकीवरचं पत्रक प्रसिद्ध केलं, पॅरिसच्या हवामान परिषदेच्या सहा महिने आधी. व्हाइट यांच्या ठपक्याला त्यात जवळजवळ थेट उत्तर आहे. पहिल्या अध्यायातली सत्ता एकटी वाचू नका, दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला सांगतो तेही वाचा, असं ते म्हणतात.

मशागतीवरून पुन्हा बेटांवर. किरिबातीत बाबाई आणि तुवालूत पुलाका नावाचं पीक घेतात. आपल्या अळूच्या कुळातलंच, पण पानं माणसाच्या डोक्यावर जातील एवढी. प्रवाळाच्या वाळूत खड्डा खणायचा, खाली गोड्या पाण्याचा पातळ थर लागेपर्यंत. मग त्यात रोप लावायचं, भोवती केवड्याच्या जातीच्या पानांची वेटोळी करायची आणि त्यात पालापाचोळ्याचं खत भरत राहायचं. कोणता पाला किती दिवस कुजवायचा, हे घराघरातलं गुपित. शेजाऱ्याला सांगत नाहीत. अशा खड्ड्याला समुद्र वरून यावा लागत नाही. जमीन सच्छिद्र असल्यानं मोठ्या भरतीला खारं पाणी खालूनच वर येतं आणि पानं पिवळी पडतात. एकदा खार शिरला की खड्डा धुऊन निघायला वर्षं जातात. म्हणजे वचनातली पेरणी आणि कापणी जिथं खरोखर हुकतेय, ती जागा ही.

तिथल्या चर्चला हे दिसत होतं. २००४ च्या मार्चमध्ये किरिबातीच्या राजधानीत, तारावात, पॅसिफिकमधली चर्चं एकत्र जमली आणि त्यांनी माणसानं घडवलेल्या हवामानबदलावर जाहीरनामा काढला. अमेरिकेतल्या ८६ सह्यांच्या दोन वर्षं आधी. धर्मगुरूंपुढची अडचण मोठी नाजूक होती. नोहाचं वचन खोटं, असं म्हणता येत नाही, आणि खरं म्हणून स्वस्थही बसता येत नाही. त्यातून मार्ग निघाला तो असा: देवानं शब्द पाळलाय, हा पूर त्याचा नव्हे. हा माणसांनी धाडलाय, आणि तोही दूरच्या माणसांनी.

किरिबातीचे तेव्हाचे अध्यक्ष आनोटे टाँग यांनी वचनावर भिस्त न ठेवता २०१४ साली फिजीत सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, सुमारे ८८ लाख डॉलरना. विकणारं होतं चर्च ऑफ इंग्लंड. मिशनऱ्यांनी आणलेल्या देवाची लेकरं दुसऱ्या एका चर्चकडून कोरडी जमीन विकत घेतायत, याहून बोलकं चित्र शोधून सापडायचं नाही. पण २०१६ साली आलेले तनेती मामाऊ यांनी सूर बदलला. हवामानबदल गंभीर आहे, मात्र आपला देश टायटॅनिकसारखा बुडेल असं आम्ही मानत नाही, ही भूमी देवाच्या हातची आहे, असं त्यांनी सांगितलं. शब्द शिमकस यांच्या जवळचे, अर्थ निराळा. एकाला काही बदलायचं नव्हतं, दुसऱ्याला आपल्या लोकांना चालते व्हा म्हणायचं नव्हतं. आमचा देश मेलेला धरू नका, हे सांगायला त्यांच्यापाशी हीच भाषा होती.

तुवालूत लोक अकरा हजारांच्या आसपास, सगळ्यात उंच जागा पाच मीटरच्या आत आणि राष्ट्रगीताचं नाव 'तुवालू देवासाठी'. तिथले हवामानमंत्री माइना तालिया धर्मशास्त्रात डॉक्टर आहेत, आणि त्यांनी प्रबंधासाठी नोहा घेतला नाही. 'माझा शेजारी कोण?' या येशूला विचारलेल्या प्रश्नाभोवती तो लिहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात करार झाला. सही झाली कुक बेटांवर, जिथून एलेकानाची होडी भरकटली होती. करारानुसार दरवर्षी २८० तुवालूकर ऑस्ट्रेलियात कायमचे राहायला जाऊ शकतात. २०२५ साली पहिल्या सोडतीसाठी देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांची नावं आली. कराराचं नाव 'फालेपिली'. भिंतीला भिंत लागलेल्या घरांनी एकमेकांना धरून राहायचं, याला तुवालूत हा शब्द आहे, मराठीत शेजारधर्म. यातला थोरला शेजारी जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे.