रिसर्चला दिलेलं सँपल थांबवायचंय? अर्ज कोण करू शकतं, कागद कुठले लागतात

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, बायोप्सीचा तुकडा, रक्त असं काही रिसर्चसाठी ठेवलंय आणि आता नको वाटतंय तर अर्ज करता येतो, फक्त अर्जात 'माझी मालमत्ता परत द्या' असं लिहू नका, तिथेच घोडं अडतं. अमेरिकेत जॉन मूर नावाच्या पेशंटच्या प्लीहेतल्या पेशींपासून डॉक्टरांनी सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या पेशी) बनवली आणि तिचं पेटंट युनिव्हर्सिटीच्या नावाने घेतलं गेलं, तो कोर्टात गेला, 1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काढलेल्या पेशींवर तुझी मालकी नाही, पण डॉक्टरांनी तुला अंधारात ठेवलं त्याबद्दल दावा लावू शकतोस. नंतर कॅटलोना केसमध्ये तर, डॉ. कॅटलोना युनिव्हर्सिटी सोडून दुसरीकडे गेल्यावर, हजारो पेशंटनी 'आमची सँपल्स डॉ. कॅटलोनांकडे पाठवा' असे फॉर्म सही करून दिले होते, तरी 2007 मध्ये अपील कोर्टाने सँपल्स युनिव्हर्सिटीचीच धरली. म्हणून मागायचं ते मालकी नाही, संमती मागे घेणं.

अर्ज ज्याने सही केली त्याने करायचा. लहान मुलाचं सँपल असेल तर पालकांनी, आणि मूल सज्ञान झालं की त्याने स्वतः. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकांचं ऐकतात का हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आहे.

कागद म्हणजे संमतीपत्राची कॉपी (हरवली असेल तर आधी तीच मागा, प्रोजेक्टचं नाव आणि एथिक्स कमिटीचा (रिसर्च नीतीने होतोय ना हे बघणारी समिती) पत्ता बहुतेक त्यातच असतो), फोटो ओळखपत्र, स्टडी नंबर किंवा हॉस्पिटलचा रजिस्ट्रेशन नंबर, सँपल घेतल्याची तारीख. पालक असाल तर नात्याचा पुरावा.

अर्ज मुख्य संशोधकाच्या नावाने, एक प्रत एथिक्स कमिटीला, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्यात स्पष्ट लिहा की उरलेलं सँपल नष्ट करा, पुढे कुणाला देऊ नका, माझा डेटा नव्याने वापरू नका आणि हे केल्याचं लेखी कळवा. कारण द्यावं लागत नाही, आणि यावरून तुमच्या ट्रीटमेंटमध्ये फरक पडता कामा नये.

आता अडचण कुठे येते, तर सँपलवरचं नाव-नंबर कायमचं काढून टाकलं असेल तर ते कुणाचं हे त्यांनाही शोधता येत नाही, मग अर्ज तिथेच संपतो. छापून झालेले निष्कर्षही मागे येत नाहीत. नफ्यात वाटा हवा असेल तर तो या अर्जाने मिळत नाही, संमतीपत्रात लिहिलंय का ते बघा, बऱ्याचदा उलट 'मिळणार नाही' असंच लिहिलेलं असतं.

आणि हो, निदानासाठी ठेवलेले ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचा पातळ काप) वेगळे, ते सेकंड ओपिनियनसाठी हवे असतील तर सरळ पॅथॉलॉजीत मागा, त्याला हा अर्ज लागत नाही.