परातीएवढे मोकळे पाणी

पहिल्या जोरदार पावसानंतर वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, हे मुंबईच्या आसपासच्या जुन्या गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. परंतु चढून गेलेले मासे पुढे अंडी नेमकी कोठे घालतात, याकडे फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक जाती उथळ पाण्यात अंडी सोडून निघून जातात. मरळ मात्र थांबते.

तलावाच्या किंवा संथ ओढ्याच्या काठी, गुडघाभर पाण्यात, मरळीची जोडी पाणगवत तोंडाने तोडून बाजूला सारते आणि परातीएवढी गोल जागा मोकळी करते. हेच तिचे घरटे. दाट हिरवळीत मधोमध असे स्वच्छ वर्तुळ दिसले, तर तेथे जरा थांबून पाहावे. पाण्यावर मोहरीएवढे पिवळसर, पारदर्शक मणी एकमेकांना लागून तरंगत असतात. प्रत्येक अंड्यात तेलाचा एक थेंब असल्यामुळे ती बुडत नाहीत. उबदार पाण्यात साधारण एकदोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि काही दिवसांनी लालसर-नारिंगी पिल्लांचा दाट थवा पृष्ठभागाजवळ एकत्र फिरू लागतो. त्याच्या खालीच आईबाप पहारा देत असतात. रंगीत मासे समजून मुले हा थवा बाटलीत भरतात, तर गळ टाकणाऱ्याला पहाऱ्यावरची मरळ आयतीच सापडते. माझ्या मते दुसरे नुकसान अधिक मोठे आहे, कारण राखण करणारे मासे गेले की मागे राहिलेला सगळाच थवा इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी पडतो.

खाडीच्या मचूळ पाण्यातली कालुंदर वेगळी रीत पाळते. ती दगडाला किंवा बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवते, नर-मादी दोघेही परांनी त्यांच्यावर पाणी खेळते ठेवतात आणि पिल्ले निघाली की त्यांना तळाशी उकरलेल्या लहान खड्ड्यांत नेतात. म्हणून खाडीकाठचा दगड उगाच उलटू नये.

चिखलात ओळीने दिसणाऱ्या ताटलीसारख्या खळग्यांना मात्र भुलू नये. ते बहुधा १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापिया या परक्या माशाच्या नराने केलेले असतात, आणि त्यांत अंडी क्वचितच दिसतात, कारण मादी ती लगेच तोंडात घेते.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. नेमक्या त्याच दिवसांत गोड्या पाण्यातली ही घरटीही भरलेली असतात, म्हणून पावसाळाभर थव्याजवळ जाळे वा गळ टाकू नये आणि पाण्यात उतरू नये; पवई तलावात मगरी असल्याने काठावरून पाहणे आपल्याही हिताचे आहे. सफाई करतानाही प्लास्टिक आणि जलपर्णी जरूर काढावी, परंतु काठालगतचा पाणगवताचा हातभर पट्टा तसाच सोडावा. मरळीला घरट्यासाठी तेवढी आडोशाची जागा पुरते.