डेटाबेस रिस्टोअर आणि डिस्कवरची जागा
डेटाबेसचा बॅकअप परत चढवताना डिस्कवर जागा कमी पडणं, ही डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) मंडळींची नेहमीची डोकेदुखी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती सगळ्यात ठळक दिसते म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटा 8 केबीच्या पेजमध्ये असतो, आठ पेज मिळून 64 केबीचा एक एक्स्टेंट. फुल बॅकअप वापरात असलेले एक्स्टेंटच उचलतो, रिकामे सोडून देतो. म्हणजे समजा 500 जीबीच्या फाइलीत माल 40 जीबीच असेल तर बॅकअप 40 च्या आसपासच बनतो, त्यात कॉम्प्रेशन लावलं (हे 2008 मध्ये आलं, आधी फक्त एंटरप्राइज एडिशनला, मग 2008 आर2 पासून स्टँडर्ड एडिशनलाही) तर आणखी बारीक. मग माणूस 100 जीबी मोकळी जागा बघून निवांत रिस्टोअर लावतो आणि 3257 नंबरची एरर खातो, कारण रिस्टोअरला अख्खी 500 जीबीची फाइल उभी करायची असते.

असं का, यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे प्रत्येक पेजला फाइल नंबर आणि पेज नंबर असा पत्ता असतो, इंडेक्सचे (शोध जलद करणाऱ्या सूचीचे) पॉइंटर त्याच पत्त्यावर जातात, म्हणून पेज हलवता येत नाहीत. खरंय, पण तेवढ्यासाठी शेवटच्या वापरातल्या पेजपर्यंतची फाइल पुरली असती की! दुसरं मत असं की रिस्टोअर म्हणजे बॅकअपच्या वेळी होता तस्साच डेटाबेस, फाइलसाइजसकट, आणि हेच जास्त पटतं, कारण लॉग फाइलही (बदलांची नोंद ठेवणारी) आत काही नसताना मूळ साइजचीच बनते. लॉगचा त्रास दुहेरी आहे: 2005 पासून डेटा फाइलींना इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन, म्हणजे शून्यांनी न भरता फाइल लगेच बनवायची सोय, मिळाली (सर्व्हिस अकाउंटला परवानगी दिली असेल तरच) पण रिस्टोअरमध्ये लॉग शून्यांनी भरावाच लागतो, त्यामुळे फुगलेला लॉग जागाही खातो आणि वेळही.

आधीच बघायचं तर 'रिस्टोअर फाइललिस्टओन्ली' चालवायचं, फाइलनिहाय साइज बाइट्समध्ये मिळते. रिस्टोअरला 'मूव्ह' हा पर्याय देऊन फाइली वेगवेगळ्या ड्राइव्हवर टाकता येतात. लॉग श्रिंक (छोटा) करायचा तर मूळ सर्व्हरवर करून नवा बॅकअप घ्यायचा, हातातल्या जुन्या बॅकअपला त्याचा काही उपयोग नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी-डंप या बॅकअप टूलचं वेगळं. त्यात इंडेक्सची नुसती व्याख्या असते, इंडेक्स रिस्टोअरच्या वेळी बनतो, त्याच्या सॉर्टिंगला टेम्प फाइली लागतात आणि वॉल लॉग (बदल आधी लिहून ठेवणारा) वाढतो तो वेगळाच. वॉलची 1 जीबीची डीफॉल्ट मर्यादा ही सॉफ्ट लिमिट आहे, आर्काइव्हिंग (वॉल फाइलींची प्रत बाजूला ठेवणं) अडकलं की ती सहज ओलांडली जाते.

मायएसक्यूएल 8.0 पासून बायनरी लॉग (बदलांची नोंद) डीफॉल्टने चालू असतो, म्हणून डंप चढवताना डेटा टेबलात जातो आणि लॉगमध्येही. हे टाळायला त्या सेशनपुरतं एसक्यूएल-लॉग-बिन हे सेटिंग शून्य करतात. ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप टूलमध्येही बॅकअप छोटा आणि रिस्टोअर झालेली डेटाफाइल मूळ साइजची.