टाकसाळीवरचा खटला : ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ची पार्श्वभूमी

लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये दरवर्षी ब्रिटनच्या शाही टाकसाळीची नवी नाणी ज्युरीसमोर मांडली जातात. तेथे न्यायासनावर ‘किंग्ज रिमेंबरन्सर’ हा जुना न्यायिक अधिकारी असतो, सोनारांच्या संघटनेचे सभासद शपथ घेऊन ज्युरी म्हणून बसतात आणि वर्षभरातील नाण्यांचे नमुने मोजून, तोलून, कस लावण्यासाठी वेगळे काढतात. ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ म्हणजेच ‘पिक्सचा खटला’ नावाचा हा सारा प्रकार आज समारंभासारखा दिसतो, पण त्याचा उगम संशयात आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पेनीचे मोल तिच्यातील चांदीवर ठरे, त्यामुळे नाणी पाडणाऱ्याने चांदीत थोडे हीण मिसळले तरी फरकाचा पैसा त्याच्या खिशात जाई. पहिल्या हेन्रीने 1124 च्या नाताळात नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावून अनेकांचे उजवे हात तोडविले. शिक्षेने जरब बसते, पण नाण्याचा कस कळत नाही. 1248 मध्ये तिसऱ्या हेन्रीने लंडनचे बारा नागरिक आणि बारा सोनार यांच्याकडून नाण्यांची तपासणी करविली, आणि 1282 मध्ये पहिल्या एडवर्डच्या आज्ञेने या तपासणीला नियमित रूप येऊ लागले. पाडलेल्या नाण्यांच्या प्रत्येक खेपेतून काही नाणी काढून ‘पिक्स’ नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवली जात. टाकसाळीबाहेरच्या माणसाने पारख करावी, हे तत्त्व आपल्याकडे पोतदाराच्या कामातून परिचित आहे. इंग्लंडमध्ये मात्र राजाच्याच टाकसाळीला ते लागू झाले, हे अधिक लक्षणीय वाटते.

कसाची तुलना ठरलेल्या शुद्धतेच्या धातूच्या ज्या प्रमाण पट्टीशी करायची, तीच चुकीची असेल तर काय, हा पेच 1710 मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. 1696 मध्ये टाकसाळीत दाखल झालेले आणि पुढे तिचे प्रमुख झालेले आयझॅक न्यूटन यांच्या कारकिर्दीतील सोन्याची नाणी 1707 च्या पट्टीपेक्षा हलक्या कसाची असल्याचा निर्णय ज्युरीने दिला. न्यूटन यांनी नाण्यांचा नव्हे, पट्टीचाच दोष दाखवून दिला : कायद्याने ठरविलेल्या कसापेक्षा ती अधिक शुद्ध होती. पुढे ती बाजूला ठेवण्यात आली. टाकसाळीचा प्रमुख स्वतःच्या बचावासाठी मापावरच बोट ठेवतो, हे संशयास्पद वाटू शकते. पण येथे त्यांचे म्हणणे खरे होते.

1870 च्या नाणेकायद्यानंतर ही तपासणी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आली आणि टाकसाळीचे प्रमुखपद अर्थमंत्र्यांकडे गेले. अमेरिकेनेही याच धर्तीवर नेमलेला परीक्षण आयोग 1980 मध्ये बंद केला. ब्रिटनमध्ये 1920 साली चलनातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि 1947 पासून ती नेहमीच्या नाण्यांतून हद्दपार झाली. म्हणजे हीण मिसळून नफा कमावण्याचे कारणच उरले नाही. तरीही 1971 च्या कायद्याप्रमाणे नाणी प्रसृत झालेल्या प्रत्येक वर्षी किमान एकदा हा खटला चालविणे बंधनकारक आहे, आणि सोन्याचांदीच्या नाण्यांबरोबर तांबे-निकेलची नाणीही आता त्याच ज्युरीसमोर येतात. नमुने परीक्षणशाळेतून तपासून आल्यावर काही आठवड्यांनी ज्युरी पुन्हा जमते आणि निकाल वाचून दाखविला जातो.