जावास्क्रिप्टमधील स्ट्रिंग-तुलना

दोन मजकूर (म्हणजे स्ट्रिंग) तंतोतंत सारखे आहेत का आणि नसतील तर यादीत आधी कोणता, हे जावास्क्रिप्ट या वेब-भाषेत ठरवण्याची रीत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये घडवलेल्या या भाषेला अक्षराचे रूप दिसत नाही, त्यामागचा युनिकोड क्रमांक (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक आकडा) तेवढा दिसतो. खानदेशातल्या गावांची यादी हाती घेतली की याचा प्रत्यय लगेच येतो.

समानतेसाठी === हे चिन्ह वापरतात. दोन्हीकडे स्ट्रिंग असल्यास == या सैल तुलनेचे उत्तरही तेच येते. एका बाजूला संख्या असली की मात्र 5 == "5" खरे आणि 5 == "५" खोटे, कारण देवनागरी अंकाची संख्या जावास्क्रिप्ट करत नाही. < आणि > ही चिन्हे पहिल्या वेगळ्या अक्षरावरच निकाल देतात. केळीचे भाव स्ट्रिंग म्हणून साठवले, तर "1200" हा "950" पेक्षा कमी ठरतो.

खरी अडचण ळ ची. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, पारोळा, तळोदा: या मुलखाचे ळ शिवाय पानही हलत नाही. युनिकोडमध्ये ल २३५४, ळ २३५५ आणि व २३५७ वर आहे. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे साध्या क्रमवारीत चाळीसगाव आधी आणि चावलखेडा नंतर लागते. आपल्या शब्दकोशांच्या रिवाजाने उलट हवे. ‘लोकेलकम्पेअर’ या भाषेनुसार तुलना करणाऱ्या आज्ञेला मराठीचा भाषा-संकेत दिला की क्रम सुधारतो. ही सोय जावास्क्रिप्टच्या २०१२ च्या प्रमाणकाने आली.

‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ऱ तर फारच फसवा. तो एकसंध अक्षर म्हणून टंकता येतो, र खाली नुक्ता (टिंब) देऊनही. डोळ्यांना दोन्ही एकच, पण === म्हणते खोटे. २०१५ पासूनचे ‘नॉर्मलाइझ’ दोघांना एका रूपात आणते. काही जण मात्र र् पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून ‘ऱ्य’ मधली र ची तीच आडवी खूण उमटवतात. तिथे ‘नॉर्मलाइझ’ निरुपयोगी. ते चिन्ह स्वतः शोधून बदलावे लागते.

शेवटी चिकटलेली मोकळी जागा ‘ट्रिम’ने जाते. नंदुरबार आणि नंदूरबार मात्र यंत्राच्या लेखी दोन जिल्हेच राहतात. अशा वेळी नावांऐवजी जनगणनेतले गाव-क्रमांक ताडून पाहणे बरे.