गीरची पहाटेची सफारी: आधी परमिट, मग रेल्वेचं तिकीट

पुण्यातून गिरला सिंह बघायला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन होतं, मग हॉटेल, आणि सफारीचं ‘तिथे गेल्यावर बघू’. घोळ इथेच होतो. जंगलात शिरणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते. दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवारची पहाटेची परमिटं फार लवकर संपतात. म्हणून परमिट हातात आल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

हा क्रम जमायलाही सोपा आहे. परमिटचं ऑनलाइन बुकिंग साधारण तीन महिने आधी उघडतं, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी. अडचण एकच. तिकडे थेट जाणारी पुणे–वेरावळ एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, त्यामुळे परमिटची तारीख निवडताना तिचा वार बघून ठेवावा. नाहीतर अहमदाबादला उतरून वेरावळकडे जाणारी रात्रीची गाडी धरायची आणि जुनागढला उतरायचं. तिथून सासण गीर, म्हणजे सफारी जिथून सुटते ते गाव, रस्त्याने साठेक किलोमीटरच्या आतच आहे.

आता अर्ज. गुजरात वनविभागाचं अधिकृत संकेतस्थळ ‘गिरलायन डॉट गुजरात डॉट गव्ह डॉट इन’. गव्हर्नमेंटचं ‘गव्ह’ पत्त्यात आहे की नाही, हे दोनदा वाचा. गीर सफारी असं शोधलं की खाजगी एजंटांची, अगदी सरकारी वाटावीत अशी पानं समोर येतात आणि तिथे त्याच परमिटचे भलतेच पैसे मोजावे लागतात. अधिकृत पानावर ‘गिर जंगल ट्रेल’ निवडायचं, मग तारीख आणि वेळ, आणि त्यानंतर प्रत्येकाचं नाव, वय, राष्ट्रीयत्व, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक. पैसे भरले की परमिट उतरवून घ्यायचं आणि छापून ठेवायचं.

पात्रतेत फारसं काही नाही, कुणीही अर्ज करू शकतो. पण परमिट माणशी नसतं, जिप्सीमागे, म्हणजे जंगलात नेणाऱ्या उघड्या गाडीमागे असतं: सहा जण, आणि शिवाय ३ ते १२ वर्षांचं एक मूल. म्हणजे सात मोठी माणसं निघाली की दुसरं परमिट, दुसरी जिप्सी, दुसरा गाइड. आपल्याकडे ‘अडजस्ट करून बसू’ म्हणतात, ते इथे चालत नाही. शनिवार-रविवार आणि सणांचा दर जास्त असतो. परमिटचे पैसे आगाऊ जातात. जिप्सी आणि गाइडचे वेगळे द्यावे लागतात, मोठ्या कॅमेऱ्याचेही वेगळे. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला बरोबर नेणार असाल आणि त्याचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर त्याला परदेशी पर्यटकाचा दर, म्हणजे आपल्या कैक पट. त्याने पासपोर्ट जवळ ठेवलाच पाहिजे.

कागदपत्रांत आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना अशांपैकी एक पुरतं. मात्र जे कार्ड अर्जात भरलंत तेच, मूळ स्वरूपात, बरोबर हवं. मी आईचा पॅन नंबर भरून ठेवला होता आणि तिच्या पर्समध्ये होतं आधार. सहाच्या सुमाराला खिडकीसमोर आम्ही सगळे कुडकुडत उभे, भाऊ सिंहगड रोडवरच्या घरातली कपाटं उपसतोय, आणि आई म्हणतेय, ‘अगं, मला विचारायचं तरी!’ पॅनचा फोटो फोनवर आला आणि तो चालवून घेतला गेला. हे नशीब, नियम नव्हे. आणखी एक: नाव कार्डावर आहे तसंच भरा. लग्नाआधीचं आडनाव कार्डावर असेल तर अर्जातही तेच. परमिट एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यामुळे काका ऐनवेळी आले नाहीत तर त्यांच्या जागी शेजाऱ्यांना नेता येत नाही.

वेळा तीन. १६ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर पहिली फेरी ६.४५ ते ९.४५, मार्चपासून १५ जूनपर्यंत ६ ते ९. दुसरी फेरी ८.३० ते ११.३०, तिसरी दुपारची. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद. माझं मत पहिल्या फेरीच्या बाजूने आहे. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ सावलीत लोळून काढतो. चालताना बघायचा तर पहाटेच. सौराष्ट्रात जानेवारीत सूर्य सातनंतर बऱ्याच वेळाने उगवतो, त्यामुळे सुरुवातीचा अर्धा तास जवळजवळ अंधारात आणि उघड्या जिप्सीत जातो. नुसता स्वेटर नव्हे, कानटोपीही घ्या. सासणच्या स्वागत केंद्रावर अर्धा तास आधी पोचा. कुठला मार्ग आणि कुठला गाइड मिळेल ते तिथेच ठरतं. त्यावर वाद घालून उपयोग नाही.

आमचा गाइड सागाच्या वाळक्या पानांकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, ‘सावज!’ आम्ही हरीण शोधायला लागलो. आपल्याकडे सावज म्हणजे शिकार. तिकडे सावज म्हणजे साक्षात सिंह. वाटेच्या कडेने एक मादी आणि मागे दोन छावे, जिप्सीपासून पंधरा पावलांवर. पोटाखालची लोंबती कातडी चालताना डुलत होती. आशियाई सिंहाची ती खूण. मे २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये असे ८९१ सिंह मोजले गेले. जिप्सीतून उतरायचं नाही आणि ओरडायचं नाही. आणि कुणी ‘रात्री शेतावर सिंह दाखवतो, परमिट नको’ म्हणालं, तर मुळीच जायचं नाही. तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अडकता तुम्हीसुद्धा.

परमिट मिळालंच नाही, तर सासणजवळ देवळिया सफारी पार्क आहे. कुंपणातलं जंगल, बसमधून फेरी, सिंह दिसण्याची शक्यता जास्त, पावसाळ्यातही चालू. आजी-आजोबांना तेच सोयीचं. फक्त बुधवारी बंद, आपल्या कात्रजसारखंच.